भाजी-फळांतले औषधांचे अवशेष आणि मोठ्या माणसांची तब्येत : सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांची द्राक्षबाग, आता भाऊ बघतो. लग्नानंतर मी पुण्यात आले आणि आठ वर्षं अन्न तपासणीच्या एका लॅबमधे काम केलं, त्यामुळे नात्यात, सोसायटीत, मैत्रिणींत कुणी भाजीवरच्या औषधांची बातमी वाचली की पहिला फोन मला येतो. दरवेळी तेच प्रश्न, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. इथे फक्त मोठ्या माणसांबद्दल आहे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांचं गणित वेगळं आणि जास्त नाजूक असतं, ते यात मिसळलेलं नाही.

रेसिड्यू रेसिड्यू म्हणतात ते नक्की काय असतं?

शेतकरी ज्याला औषध म्हणतो, म्हणजे कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक वगैरे, ते मारल्यावर ऊन, पाऊस, हवा आणि झाडाची स्वतःची वाढ यामुळे रोज थोडं थोडं मोडत जातं. काढणीच्या दिवशी जे उरलं ते अवशेष. यात दोन जाती आहेत आणि हा फरक डोक्यात ठेवा, पुढे धुण्याच्या प्रश्नाला लागणार आहे. काही औषधं सालीवर, पानावर बसून राहतात. काही झाडाच्या रसात शिरून सगळीकडे फिरतात, त्यांना आंतरप्रवाही म्हणतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही त्यातली रोजच्या वापरातली नावं, मावा-तुडतुड्यांसाठी सर्रास मारतात.

रिपोर्टमधे 'एमआरएलच्या आत' लिहिलंय म्हणजे सेफ ना?

बहुतेक वेळा हो, पण एमआरएल म्हणजे काय ते समजून घ्या कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. एमआरएल म्हणजे त्या पिकावर त्या औषधाचा जास्तीत जास्त किती अवशेष चालेल तो आकडा, आणि तो ठरतो लेबलप्रमाणे फवारणी करून, सांगितलेले दिवस थांबून मग माल काढला तर किती उरतं यावरून. म्हणजे तो मुळात शेतकऱ्याने नियम पाळले का ते तपासायचा आकडा आहे. तब्येतीची रेषा वेगळी असते, रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण, माणसाच्या वजनामागे किती मिलीग्रॅम असं. ते काढताना प्राण्यांवरच्या प्रयोगात ज्या डोसला काहीच त्रास दिसला नाही तो डोस घेतात आणि त्याला साधारण १०० ने भागतात, १० प्राणी आणि माणूस यातल्या फरकासाठी आणि १० माणसामाणसातल्या फरकासाठी. मग एमआरएल धरून आणि लोक ते पीक किती खातात ते धरून बघतात की त्या रेषेच्या वर जातंय का.

त्यामुळे एमआरएलच्या दुप्पट सापडलं म्हणजे खाणारा आजारी पडणार असं नाही. आणि आत आहे म्हणजे विषय संपला असंही नाही, कारण ही रेषा पण अभ्यास वाढला की हलते. क्लोरपायरीफॉस बघा. कित्येक वर्षं त्याला ठरलेली मर्यादा होती, २०१९ मधे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने सांगितलं की याची सुरक्षित पातळी ठरवताच येत नाही, आणि २०२० ला युरोपने त्याची परवानगी काढून घेतली. आपल्याकडे ते अजून काही पिकांवर आणि घराच्या वाळवीसाठी चालतं, २०२३ ला बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखू यांच्यावरचा वापर तेवढा काढला.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगते. ज्या औषधाला त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो धरतात. म्हणजे दहा टनी दहा ट्रक भरून वांगी आणि त्या सगळ्यांत मिळून १ ग्रॅम. मशिनं आता एवढं सहज पकडतात, म्हणून 'सापडलं' हा शब्द ऐकून लगेच घाबरू नका, आधी किती ते विचारा.

आपल्याकडच्या भाजीत खरंच किती सापडतं?

केंद्र सरकारची देशभरातून नमुने घेऊन अवशेष तपासायची योजना आहे, २००५-०६ पासून चालू आहे. तिचा २०१४-१५ चा हिशोब असा होता की २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत काही ना काही सापडलं, मर्यादेच्या वर होते २.६ टक्के, आणि १२.५ टक्क्यांत अशी औषधं होती जी त्या पिकासाठी मंजूरच नाहीत. लोक २.६ बघतात. मला साडेबारा जास्त खटकतं. कपाशीचं औषध वांग्यावर आणि डाळिंबाचं टोमॅटोवर गेलं की ते किती दिवसांत उतरतं, केव्हा काढायचं, याचा कुठे कागदच नसतो, शेतकरी अंदाजाने चालतो आणि खाणारा त्याच्या अंदाजावर चालतो.

एक गोष्ट नेहमी पुढे केली जाते की भारतात हेक्टरी वापर जगाच्या मानाने खूप कमी आहे. खरं आहे. पण ती सरासरी आहे, त्यात ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेतं पण आली जिथे काहीच मारत नाहीत, आणि मिरची, कपाशी, द्राक्ष, वांगी, कोबी यांच्यावर सगळा भार पडतो. वापरात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश ही राज्यं वरच्या नंबरला असतात.

मग शेतकरी मुद्दाम विषारी भाजी विकतात का?

नाही हो. हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं, म्हणून याला जरा लांब उत्तर देते.

प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी असतो, म्हणजे फवारणीनंतर इतके दिवस माल तोडायचा नाही. काहींचा १ दिवस, काहींचा ३, ५, ७, द्राक्षात काही औषधांचा ५०-६० दिवसांपर्यंत जातो. द्राक्षाला हे जमतं कारण वर्षातून एकदाच काढणी. आता भेंडी घ्या, तिचा तोडा एक दिवसाआड असतो. आज फवारलं आणि पाच दिवस थांबायचं ठरवलं तर मधले दोन तोडे झाडावरच जून होणार, जून भेंडीला बाजार समितीत कुणी हात लावत नाही, आणि न तोडलेल्या झाडाला पुढचा माल पण कमी लागतो. वांग्याला शेंडेअळी, फळ पोखरणारी अळी, ती एकदा फळात घुसली की वरून काही मारून उपयोग नसतो, म्हणून आधीपासून मारत राहायचं. त्यात औषध कुठलं घ्यायचं हे सांगतो कृषी सेवा केंद्रातला माणूस, जो उधारीवर माल देतो, त्याने दोन बाटल्या एकत्र मारा म्हटलं की शेतकरी मारतो. आणि शहरात आपण काय करतो, एक भोक दिसलं की वांगं परत टोपलीत टाकतो. आपल्याला डाग नको, अळी नको, भाव वीस रुपयाच्या वर नको, तर तो माणूस तरी काय करणार.

थोडक्यात अवशेषाचा प्रश्न तयार होतो शेवटची फवारणी आणि तोडा यांच्या मधल्या दिवसांत. किचनच्या सिंकपाशी फक्त त्याचं शेपूट येतं.

वर्षानुवर्षं असं खाऊन कॅन्सर होतो का?

सरळ उत्तर : औषधं हाताळणाऱ्या लोकांत काही औषधांचा आणि काही कॅन्सरचा संबंध बऱ्यापैकी दिसलाय, पण नुसतं जेवणातून जाणाऱ्या प्रमाणाबद्दल तेवढा भक्कम पुरावा नाही.

आता तपशील. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, तिने २०१५ मधे लिंडेनला कॅन्सरकारक ठरवलं आणि डीडीटी, मॅलॅथिऑन, डायझिनॉन, ग्लायफोसेट यांना बहुधा कॅन्सरकारक या गटात टाकलं. त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने ग्लायफोसेटपासून कॅन्सरचा धोका संभवत नाही असं सांगितलं. दोघांचे प्रश्न थोडे वेगळे होते. आयएआरसी बघते की या पदार्थात कॅन्सर करायची कुवत आहे का, किती प्रमाणात आणि कुणाला याचा हिशोब ती त्या यादीत करत नाही. 'बहुधा' च्या त्याच गटात लाल मांस पण आहे. म्हणून नुसती यादी फॉरवर्ड करून कुणाला घाबरवू नका.

खाणाऱ्यांवरचे दोन मोठे अभ्यास आहेत आणि ते एकमेकांशी पटत नाहीत. फ्रान्समधे ६८,९४६ लोकांवर झालेला २०१८ चा अभ्यास सांगतो की सेंद्रिय जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर २५ टक्के कमी आढळला. त्याआधी २०१४ मधे ब्रिटनमधल्या ६ लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास आला, त्यात एकूण कॅन्सरमधे काही फरक नव्हता, नॉन-हॉजकिन लिम्फोमा नावाचा रक्तपेशींचा कॅन्सर तेवढा थोडा कमी आणि ब्रेस्ट कॅन्सर उलट किंचित जास्त दिसला. सेंद्रिय खाणारी माणसं सहसा पैसेवाली, कमी सिगारेट ओढणारी, जास्त व्यायाम करणारी असतात, हा फरक कितीही हिशोबातून वजा केला तरी थोडा उरतोच. लिम्फोमा मात्र दोन्हीकडे कमी दिसला आणि फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पण त्याच कॅन्सरचं नाव सारखं येतं, त्यामुळे तिकडे मी स्वतः दुर्लक्ष करत नाही.

शुगर, पार्किन्सन, मूल न होणं याचं पण म्हणतात?

पार्किन्सनचा पुरावा यात सगळ्यात ठळक आहे, पण तो फवारणाऱ्यांचा. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या शेतकरी कुटुंबांचा १९९३ पासून पाठपुरावा चालू आहे, त्यातून २०११ ला असं दिसलं की पॅराक्वाट नावाचं तणनाशक किंवा रोटेनॉन वापरणाऱ्यांत पार्किन्सन सुमारे अडीच पट होता. रोटेनॉन हे झाडाच्या मुळापासून निघणारं नैसर्गिक विष आहे हेही लक्षात घ्या, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं.

डायबेटिसबद्दल आपल्या जवळचा अभ्यास मदुराईचा. तिथल्या विद्यापीठाच्या टीमने तीन हजारांवर गावकऱ्यांची पाहणी केली आणि शेतीत ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्यांत शुगर जास्त आढळली, मग उंदरांना बरेच महिने थोडं थोडं देऊन बघितलं तर आतड्यातले जीवाणू त्या औषधाचं विघटन करताना जे तयार करतात त्याने साखर वाढते असं २०१७ मधे मांडलं. पण याच्यावर विसंबून कुणी गोळी बंद करू नका आणि 'मला भाजीमुळे शुगर झाली' असंही धरून बसू नका. पोट, झोप, चालणं, घराण्यातली शुगर यांचं वजन कितीतरी जास्त आहे.

मूल होण्याबद्दल बोस्टनच्या एका फर्टिलिटी क्लिनिकमधला २०१५ चा अभ्यास आहे, १५५ पुरुष, ज्यांच्या खाण्यात जास्त अवशेषवाली फळं-भाज्या सगळ्यात जास्त होत्या त्यांचे शुक्राणू सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४९ टक्के कमी. एकच क्लिनिक, आधीच उपचाराला आलेले लोक, आणि शरीरातले अवशेष मोजलेले नाहीत, कुठल्या भाजीत साधारण किती असतं यावरून अंदाज केलेला. म्हणून हा इशारा म्हणून ठेवा. तरी माझ्या मावसभावाचं आयव्हीएफ चालू होतं तेव्हा मी त्याला सहा महिने द्राक्षं, स्ट्रॉबेरी, सिमला मिरची कमी करून केळी, पपई, संत्री, दुधी, मटार यावर राहा सांगितलं होतं. खर्च काही नाही, नुकसान काही नाही.

हे शरीरात साठत जातं का?

जुनी औषधं साठतात, नवी बहुतेक नाही. डीडीटी आणि बीएचसी चरबीत जाऊन बसतात, वर्षानुवर्षं निघत नाहीत, गाय-म्हशीच्या चाऱ्यातून दुधात आणि दुधातून तुपात. १९९३ मधे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १२ राज्यांतले दुधाचे २,२०५ नमुने तपासले तर ८२ टक्क्यांत डीडीटी होतं. डीडीटी शेतीत १९८९ पासून आणि बीएचसी १९९७ पासून बंद आहे. माझी आजी धान्याच्या कणगीभोवती बीएचसीची पावडर हाताने टाकायची, त्या पिढीच्या अंगात ते नक्की साठलेलं असणार.

आताची ऑरगॅनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड औषधं लघवीवाटे काही दिवसांत बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियात १३ मोठ्या माणसांना ७ दिवस बहुतेक सेंद्रिय खायला दिलं तर लघवीतलं ऑरगॅनोफॉस्फेटचं प्रमाण ८९ टक्क्यांनी घटलं. पण रोज परत येतं म्हणून पातळी कायम राहते, नळ चालू असलेल्या बादलीसारखं.

एकेक मर्यादेत असेल, पण सगळी मिळून?

हा प्रश्न सगळ्यात योग्य आहे आणि मर्यादा ठरवण्याची पद्धत इथेच कमी पडते. मर्यादा एकेका औषधाची ठरते. लॅबमधे माझ्यासमोर सिमला मिरचीचा असा नमुना आलाय ज्यात सहा वेगवेगळी औषधं होती आणि सहाही मर्यादेच्या आत, कागदावर नमुना पास. एकाच पद्धतीने काम करणारी औषधं, म्हणजे नसांमधलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम अडवणारी, त्यांचा एकत्र परिणाम धरायला युरोप-अमेरिकेत सुरुवात झालीय. आपल्याकडे रोजच्या तपासणीत तसं अजून होत नाही, व्हायला पाहिजे.

मग फळं-भाज्या कमी करू का?

अजिबात नाही. याच भीतीने माझ्या एका मामींनी पालेभाजी बंद केली आणि हिमोग्लोबिन आठावर आलं.

अमेरिकेतल्या दीड लाखाहून जास्त लोकांच्या आहाराचा २०२२ चा अभ्यास सांगतो की कमी अवशेष असलेली फळं-भाज्या दिवसात चार किंवा जास्त वेळा खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण, एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांपेक्षा, ३६ टक्के कमी होतं. जास्त अवशेषवाली तेवढीच खाल्ली तर तो फायदा दिसला नाही, पण तोटाही दिसला नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की खायचं भरपूर, फक्त काय खायचं ते फिरवत राहायचं. रोज एकच भाजी नको. सीझनचं घ्या, बिनमोसमी फ्लॉवर-टोमॅटोला कीड जास्त आणि औषध पण जास्त. शेवगा, कच्चं केळं, सुरण, भोपळा, दुधी, कांदा, अळू, परसातला कढीपत्ता, रानभाज्यांच्या दिवसात टाकळा, कुरडू, असं बदलत राहिलं की एकाच औषधाचा भार आपोआप वाटला जातो.

धुवायचं कशाने? मीठ, हळद, व्हिनेगर, सोडा की ते मशिन?

वाहत्या नळाखाली अर्धा मिनिट हाताने चोळून धुवा. एवढ्याने बऱ्याच औषधांचा सालीवरचा भाग कमी होतो, अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्राने हेच करून बघितलं होतं आणि १२ पैकी ९ औषधं कमी झाली. सोड्याचा अभ्यास मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा, २०१७, सफरचंदावर. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे साधारण दोन चमचे, त्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं ८० आणि ९६ टक्के निघाली. मात्र त्यातलं जे आंतरप्रवाही होतं त्याचा २० टक्के भाग सालीच्या आत गेलेला, तो निघाला नाही.

मशिनचंही तेच, आत शिरलेलं कुठलंही मशिन बाहेर काढू शकत नाही, हजारो रुपये घालू नका. साबण, डिटर्जंट तर नकोच, तो सालीतून शोषला जातो. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, फ्लॉवरचे तुरे सोडवून धुवा, कोथिंबीर-मेथी दोन-तीन पाण्यातून काढा, काकडी, सफरचंद सोलून खाल्लं तरी चालेल. शिजवल्यावर पण काही औषधं मोडतात. बेदाणा मात्र नुसता चघळायच्या आधी भिजवून धुवा, चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पाणी उडून जातं, बाकी सगळं आटून तिथेच राहतं.

सेंद्रिय घ्यावं का, परवडत नाही.

परवडत असेल तर घ्या, लघवीतलं प्रमाण त्याने कमी होतं हे वर सांगितलंच. नसेल परवडत तर जे सालासकट आणि कच्चं खातो तेवढंच घ्या, द्राक्षं, पेरू, काकडी, कोथिंबीर. पाकिटावर जैविक भारतचा लोगो आणि एनपीओपी किंवा पीजीएस यातलं एक प्रमाणपत्र बघा. नुसत्या हिरव्या पाटीवर 'विषमुक्त' लिहिलेलं कुणीही लिहू शकतं. 'रेसिड्यू फ्री' हा प्रकार वेगळा, त्यात रासायनिक औषध मारलेलं असतं पण दिवस सांभाळून, काढणीला मोजण्याइतकं उरत नाही. मला तो मार्ग पटतो, कारण तो सामान्य शेतकऱ्याला जमण्यासारखा आहे.

एक्स्पोर्टची द्राक्षं चांगली आणि आपल्याला उरलेली, असं आहे का?

काही अंशी होतं, अजूनही थोडं आहे. २००३ ला नेदरलँड्समधे आपल्या द्राक्षांत मेथोमिल नावाचं कीटकनाशक सापडलं आणि माल अडकला. मग शेतमालाची निर्यात बघणारी सरकारी संस्था अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी प्लॉटची नोंदणी, काढणीआधी नमुना, पास झाला तरच पॅकहाऊस अशी ग्रेपनेट पद्धत बसवली. २०१० ला परत सीसीसीवरून फटका बसला. हे वाढ रोखणारं औषध, वेलीचा शेंडा थांबावा म्हणून मारतात, आणि ते तपासायच्या यादीतच नव्हतं. आमच्या गावात त्या वर्षी लोकांनी जमिनी गहाण ठेवल्या. वडील त्या दिवसांत बोलायचेच नाहीत.

पण त्यानंतर काय झालं बघा, त्याच शेतकऱ्यांनी, त्याच मातीत, दिवस मोजून, डायरी लिहून युरोपच्या कडक मर्यादेत माल बसवून दाखवला. म्हणजे जमतं. भाजीला तीच पद्धत लावायला कुणी बसलं नाही कारण भाजी आपणच खातो, ती परत पाठवणारं कुणी नाही.

मसाल्यांचं मधे काय झालं होतं?

एप्रिल २०२४ मधे हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या नामांकित कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं म्हणून ते परत घ्यायला लावले. हा जंतू मारायचा वायू आहे, आयएआरसीच्या पक्क्या कॅन्सरकारक यादीतला. त्याच महिन्यात आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, भारतात नोंदणी नसलेल्या औषधांसाठी मसाल्यांची मर्यादा ०.०१ वरून ०.१ केली, दहा पट. मसाला आपण चिमूटभर खातो म्हणून पोटात जाणारं प्रमाण कमी, हे मान्य, पण मर्यादा सैल करणं मला पटलेलं नाही.

कार्बाइडचे आंबे यातच येतात का?

नाही, तो पिकवायचा प्रकार. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन गॅसला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे.

धान्याला कीड लागू नये म्हणून काय ठेवायचं?

आपल्या घरांत पाऱ्याच्या गोळ्या ठेवायची सवय आहे, ती कृपा करून बंद करा, पारा मेंदूला आणि किडनीला वाईट. आणि सेल्फॉससारख्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या घरात कधीही ठेवू नका, त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं रात्रीत जातात. तो गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायचा वायू आहे. तांदळाला एरंडेल, डब्यात कडुलिंबाचा सुकवलेला पाला, आणि मे महिन्यात दोन कडक उन्हं, बस होतं.

बाटलीवर हिरवा त्रिकोण असेल तर ते औषध निर्धोक ना?

लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग एकदम पोटात गेलं तर किती मारक आहे तेवढंच सांगतात. वीस वर्षांनी काय होईल ते त्या रंगात नाही. गच्चीवर कुंड्यांत भाज्या लावणारे पण इथे फसतात.

आणि घरातलंही मोजा. दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल, ओट्याखाली झुरळांचा खडू, रात्रभर कॉइल, हे सगळं त्याच घराण्यातलं आहे आणि बंद फ्लॅटमधे ते श्वासातून जातं. भेंडी सोड्यात भिजवायची आणि झुरळांचा स्प्रे उघड्या ताटांवर मारायचा, असं करू नका.

रक्त तपासून कळतं का? भाजी तपासून मिळते का?

नुसत्या खाणाऱ्याला रक्त तपासून हाती काही लागत नाही, पैसे वाया. डिटॉक्स ज्यूसने अवशेष निघतात याला आधार नाही. भाजी कुणीही एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधे तपासून घेऊ शकतो, कायद्यात ग्राहकाला तो हक्क आहे, खर्च काही हजारांत जातो म्हणून सोसायटीने मिळून एका पुरवठादाराचा माल तपासला तर उपयोग होतो.

या सगळ्यात खरा धोका कुणाला?

पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, त्यात शिरून फवारताना औषध तोंडावर, छातीवर उडायचं, शेकडो जण दवाखान्यात गेले आणि २० हून जास्त शेतकरी-मजूर मेले. केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वीसेक वर्षं एंडोसल्फान पडत राहिलं, खाली वस्ती होती, सुप्रीम कोर्टाने २०११ ला देशभर थांबवलं तोवर तिथे फार उशीर झालेला. खाणाऱ्याच्या ताटात मिलीग्रॅमचा शंभरावा भाग येतो, फवारणाऱ्याच्या हातावर ग्रॅमने येतं, आणि वर्षात पन्नास वेळा येतं.

घरात कुणी फवारणी करत असेल तर रक्त त्याचं तपासा, कोलिनएस्टरेजची टेस्ट, सीझनच्या आधी एक आणि ऐन सीझनमधे एक. वाऱ्याच्या विरुद्ध नको, उपाशीपोटी नको, दोन-तीन औषधं हाताने कालवायची नाहीत, लांब बाह्या, हातमोजे, मास्क, आल्यावर आधी आंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. ते कपडे धुते ती बाई, तिच्या हातालाही मोजे द्या.

आम्ही शहरातली माणसं, आम्ही काय विचारायचं?

हातगाडीवरच्या मावशींना विचारून उपयोग नाही, त्यांनी माल पहाटे मार्केट यार्डातून आणलेला असतो. पण ज्या शेतकरी गटाकडून आठवड्याची टोपली येते त्यांना तीन गोष्टी विचारा : शेवटची फवारणी कधी केली, कशाची केली, आणि तोडा कधी केला. ज्याच्याकडे वही असते तो लगेच सांगतो. माझा भाऊ अशी वही ठेवतो, तारीख, औषध, डोस, किती दिवस थांबलो, आणि मागच्या वर्षी करप्यामुळे जास्त मारावं लागलं तेव्हा टोमॅटो सहा दिवस थांबून काढले आणि कमी पाठवले. आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांनी त्या आठवड्याची टोपली अर्धी येऊनही पूर्ण पैसे दिले.